चौदावं पान

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात येऊन पारखी सरांचा क्लास कुठे आहे असं विचारलंत, तर चहावाला तुम्हालाच उलटा प्रश्न करील, "वो पत्तल वाले सर?" हो म्हणायचं आणि तो दाखवील त्या गल्लीत शिरायचं. कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवणाऱ्या माणसाला पत्रावळीचं नाव का चिकटलं, हे त्या चहावाल्याला ठाऊक नसतं. मला आहे. मी, अभिराम, त्यांच्याकडेच शिकलो. आता लोकांच्या दुकानांत वायरी ओढतो, कॅमेरे लावतो, आणि दुपारी हात मोकळा असला की सरांच्या क्लासात मदतीला जाऊन बसतो.

सरांचं नाव भालचंद्र पारखी. त्यांचे पूर्वज म्हणे दरबारात मोठे कारकून होते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे पूर्वज दरबारात कोणी ना कोणी असतातच, साधे पूर्वज आमच्याकडे कोणालाच नाहीत. माझे हत्तीखान्यात होते असं आजोबा सांगायचे, पण हत्तींचं ते काय करायचे ते मात्र सांगायचे नाहीत. सरांनी त्या दरबारी कारकुनीतून दोन गोष्टी उचलल्या होत्या, सुंदर अक्षर आणि कधीही आपली चूक कबूल न करणं. खाली क्लास, वर घर. घरात ते, शरयूकाकू आणि एकुलती एक हेमांगी.

सरांचं शिकवणं एका पंगतीवर उभं होतं. एखाद्या नेटवर्कमध्ये किती यंत्रं बसतील, म्हणजे खरोखर वापरायला किती पत्ते मिळतील, हे गणित पोरांना नेहमी अडतं. सूत्र पाठ असतं, पण शेवटी त्यातून दोन का वजा करायचे ते डोक्यात शिरत नाही. क्लासातली बहुतेक पोरं हिंदी बोलणारी, म्हणून सर हिंदीत सांगायचे. फळ्यावर सोळा चौकोन काढायचे आणि म्हणायचे, "मास्क, यानी नेटवर्क का नाप, अट्ठाईस का है. पते के बत्तीस अंकों में से अट्ठाईस गए, बचे चार. अब दो को दुगना करते चलो. दो, चार, आठ, सोलह. सोलह पत्तल बिछ गईं. खाने कितने बैठेंगे?"

एखादा नवखा पोरगा झटकन सोळा म्हणायचा. सरांना तेच हवं असायचं.

"गलत. पहली पत्तल भगवान की. उस पर घर का नाम है, उस पर कोई नहीं बैठता. और आखिरी पत्तल मेज़बान की. हम मराठी लोगों में मेज़बान पंगत में बैठता नहीं, खड़ा रहता है और एक बार बोलता है, सावकाश होऊ द्या. मतलब आराम से खाइए. वो एक को नहीं बोलता, सबको एक साथ सुनाई देता है. तो बैठने वाले कितने बचे?"

"चौदह," असं सगळा वर्ग म्हणायचा. पहिला पत्ता नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, मधले चौदा माणसांचे. हे ज्याने एकदा ऐकलं तो दोन वजा करायला जन्मात विसरत नाही. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा समोरचा साहेब गणित विचारत होता आणि मला वरण-भाताचा वास येत होता.

हेमांगी या पंगतीतच वाढली. शाळेत होती तेव्हापासून क्लासात मागच्या बाकावर बसून ऐकायची. घराचं वायफाय लावलं तेव्हा त्याचा पासवर्ड तिनेच ठेवला, त्यांच्या मेलेल्या मांजरीचं नाव. घराचं नेटवर्कही सरांनी मोजून सोळा पत्त्यांचंच केलं. बाजारात मिळणारा राउटरचा डबा लावला की अडीचशे पत्ते आयते मिळतात, पण सर म्हणायचे, तीन माणसांच्या घरात अडीचशे पानं कशाला मांडायची? पुढे इंजिनिअरिंग झाल्यावर हेमांगी क्लासात शिकवायला लागली. सकाळची बॅच ती घ्यायची, दुपारची सर. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून ती स्कूटीवर बाड्याच्या चौकातून यायची आणि सर खिडकीतून म्हणायचे, "आला बघ डाकू." चंबळ जवळ असल्याचे फायदे असेही असतात.

मग गुरुग्रामच्या एका कंपनीने तिला बोलावलं. मोबाइलवर शिकवायचं, पगार भरपूर. सरांनी जाऊ दिलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

वर्षभराने सरांच्या क्लासात नवीन बॅच बसली. सरांनी सोळा चौकोन काढले, किती जण जेवतील म्हणून विचारलं, आणि सगळ्या वर्गाने आधीच सांगून टाकलं, चौदा. मागून एक जण म्हणाला, "सर, ये पत्तल वाला तो मोबाइल पे एक दीदी फ्री में पढ़ाती हैं." सरांनी घरी जाऊन तो व्हिडिओ लावला. हेमांगी उभी होती, मागे सोळा पत्रावळींचं चित्र होतं आणि सरांचं वाक्यन् वाक्य होतं. सरांनी तो अर्ध्यातच बंद केला. शेवटपर्यंत पाहिला असता तर शेवटी ती काय म्हणते ते त्यांना ऐकू आलं असतं. ती म्हणते, "ये पत्तल मेरी नहीं है, मेरे बाबा की है. भालचंद्र पारखी, दौलतगंज, ग्वालियर." मी तो अनेकदा पाहिला आहे.

त्या दिवाळीत ती घरी आली आणि भांडण झालं. मी जिन्यात वायरीला खिळे मारत होतो. खाली जाणंही अवघड आणि वर जाणंही अवघड.

"माझं जन्मभराचं ताट उचलून तू बाजारात नेऊन ठेवलंस," सर म्हणाले.

"बाजारात नाही ठेवलं, बाबा. लोग सीख रहे हैं. तुमच्या खोलीत वीस पोरं मावतात, तिथे लाखभर ऐकतात."

"मग त्या लाखातच जेवायला बस. या घरात तुझं पान आता मांडलं जाणार नाही."

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, पण बोललेलं बोलून झालं होतं. हेमांगीने लॅपटॉप पाठीला लावला, स्कार्फ गुंडाळला आणि ती माझ्या शेजारून जिना उतरून गेली. मराठी माणसाने मुलीला दुसरं काहीही म्हणावं, पण पान मांडणार नाही असं म्हणू नये. आमच्यात ते मेलेल्या माणसाबद्दलही म्हणत नाहीत. त्याचंसुद्धा पान वाढून कावळ्यापुढे ठेवतात.

पुढच्या वर्षी तिने तिच्याच ऑफिसातल्या सौरवशी कोर्टात लग्न केलं. सौरव ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याचा, मराठा घरातला, शांत मुलगा. सरांचं त्याच्याविरुद्ध काही म्हणणंही नव्हतं. पण ते गेले नाहीत.

आता सरांचं काय करावं ते सांगा. ज्या माणसाने पान मांडणार नाही म्हटलं, त्यानेच भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येऊन राउटरमध्ये पान मांडून ठेवलं. मला ते पुष्कळ दिवसांनी कळलं. प्रत्येक यंत्राला जन्माचा एक नंबर असतो. हेमांगीच्या लॅपटॉपचा तो नंबर सरांकडे होता. त्यांनी घरच्या नेटवर्कातला चौदावा पत्ता, पंगतीतलं शेवटचं बसायचं पान, त्या नंबराला बांधून टाकला. दुसरं कोणतंही यंत्र आलं तरी राउटर त्याला चौदावा पत्ता देणार नाही. तो लॅपटॉप कधीही घरात आला की त्याला तोच मिळणार.

आणि रोज क्लास सुरू व्हायच्या आधी सर त्या चौदाव्या पत्त्याला हाक मारायचे. आमच्या धंद्यात तिला पिंग म्हणतात. सर शिकवताना सांगायचे, पिंग म्हणजे काही नाही, "आहेस का?" एवढंच. यंत्र असेल तर "आहे" म्हणतं. काळ्या पडद्यावर सर रोज विचारायचे आणि रोज उत्तर यायचं नाही. मग ते फळा पुसायला घ्यायचे.

मी एकदा न राहवून म्हणालो, "सर, तिला फोनच करा ना सरळ."

"फोन कशाला? पान मांडून ठेवलं आहे ना."

"ते मांडलंय हे तिला कसं कळणार?"

"येईल तेव्हा कळेल. नेटवर्क शिकलेली मुलगी आहे. ती घरात आली की चौदा बोलेल. मला वर जाऊन कोणाला विचारायची गरजच नाही पडणार. समजलं? तू कशाला परेशान होतोस?"

असला हा माणूस. हात जोडायचे झाले तरी आधी राउटरला जोडणार. मला त्यांचा राग यायचा आणि त्या काळ्या पडद्यासमोर वाकून बसलेली त्यांची पाठ दिसली की राग ठेवायलाही जमायचं नाही.

एका हिवाळ्यात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कंपू भागातल्या दवाखान्यात. घरी आल्या आणि डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसून राहिल्या. सरांनी नियमाप्रमाणे क्लास घेतला. मी त्या दुपारी वर्गातच होतो. सरांनी भिंतीवर राउटरची यादी मोठी करून दाखवली होती. घरच्या नेटवर्कात आत्ता कोण कोण बसलंय, ते पोरांना दाखवत होते. हा माझा कॉम्प्युटर, हा काकूंचा फोन, हा टीव्ही, हा जिन्यातला कॅमेरा. तेवढ्यात यादीत एक ओळ वाढली. नाव नाही, ओळख नाही, नुसता एक नंबर.

"सर, ये कौन आया?" एका पोराने विचारलं.

सर खूश झाले. शिकवायला आयतं उदाहरण मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा. "देखो, बिन बुलाया मेहमान. आजकल के फोन अपना असली नंबर नहीं दिखाते. हर घर में नया नंबर पहनकर जाते हैं. जैसे ग्वालियर की लड़कियाँ स्कूटी पर, मुँह पे स्कार्फ बाँधके. बाप भी न पहचाने." वर्ग हसला. "हमारी मैडम भोली हैं, जो माँगे उसको पासवर्ड बाँट देती हैं. पिछले हफ्ते दूधवाले का लड़का बैठा था. अब पासवर्ड बदलूँ तो सबको तकलीफ. इसलिए सिर्फ इसको उठाएँगे."

त्यांनी त्या ओळीवर बोट नेलं, म्हणजे माउसचा बाण नेला, आणि तो फोन कायमचा बंद यादीत टाकला. ओळ गेली. "पत्तल से उठा दिया," सर म्हणाले. सगळे पुन्हा हसले आणि आम्ही पुढच्या गणिताकडे वळलो.

वर काय झालं ते आम्हाला फार पुढे कळलं. पण मी ते इथेच सांगतो, कारण नंतर सांगायचा धीर मला होणार नाही.

हेमांगी आली होती. आईचा डोळा बघायला सकाळच्या गाडीने आली, स्कार्फ बांधून मागच्या बोळातल्या जिन्याने वर गेली. आईशी बोलली, तिला भरवलं. मग पर्समधून फोन काढला. जुना लॅपटॉप केव्हाच मोडला होता, फोनही नवा होता. तिने सहज त्या मांजरीचं नाव टाकून पाहिलं आणि वायफाय लागलं.

"आई, पासवर्ड अजून तोच आहे," ती म्हणाली. काकू सांगतात, तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला. "बदलला नाही बाबांनी."

"मी खाली जाऊन सांगू का त्यांना?"

"नको. त्यांना कळेल. सबसे पहले वही देखते हैं कि नेट पर कौन बैठा है. या घरचा पासवर्ड आपल्या तिघांशिवाय माहीत कोणाला आहे? ते बघतील. आणि त्यांना वाटलं तर येतील वर."

ती जिन्याच्या दाराकडे तोंड करून बसली. फोन मांडीवर ठेवला. खालून क्लासाचा आवाज येत होता, पोरं हसत होती. मग फोनवरची ती खूण गेली. तिने पुन्हा लावून पाहिलं. नाही घेतलं. पुन्हा पाहिलं. हेमांगी साधी मुलगी असती तर म्हणाली असती, नेट गेलं असेल. पण तिला बापानेच शिकवलं होतं. काकूंचा फोन चालू आहे, घरचं नेट चालू आहे, पासवर्ड तोच आहे, म्हणजे नेमका आपलाच फोन कोणीतरी समोर बसून, बोट ठेवून बाहेर काढलाय, हे तिला कळायला वेळ लागला नाही.

"त्यांनी शब्द पाळला, आई," ती म्हणाली. "पान नाही मांडलं."

काकू उठायला लागल्या. तिने त्यांना खाली बसवलं आणि आपल्या गळ्याची शपथ घातली की खाली एक शब्द बोलायचा नाही. मी आले होते हेही नाही. मग ती ज्या जिन्याने आली होती त्याच जिन्याने गेली.

शरयूकाकूंनी शपथ पाळली. त्यांनाही तेच वाटत होतं, की या माणसाने जाणूनबुजून पोरीला बाहेर काढलं. त्या दिवसापासून वरून चहा येणं बंद झालं. आम्ही बाहेरून मागवायला लागलो. काकू सरांना वाढायच्या, पण त्यांच्याबरोबर जेवायला बसायच्या नाहीत. सर मला म्हणायचे, "डोळ्याच्या ऑपरेशननंतर ती जरा उदास झाली आहे. मुलीची आठवण येत असेल." आणि सकाळी चौदाव्या पत्त्याला आणखी एकदा जास्त हाक मारायचे. एका घरात दोन माणसं एकाच पोरीसाठी झुरत होती आणि एकमेकांना सांगत नव्हती. आमच्या लोकांना याची मोठी हौस. पोटात ठेवायचं, त्याला संयम म्हणायचं आणि अभिमानाने मरायचं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी हेमांगीला डेंग्यू झाला. सौरवचा फोन काकूंना आला तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती. सर आणि काकू टॅक्सी करून निघाले. मुरैना ओलांडून धौलपूर आलं तेव्हा दुसरा फोन आला. टॅक्सी रस्त्याच्या कडेला थांबवली, असं ड्रायव्हर नंतर मला सांगत होता. सर उतरले, थोडं पुढे चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "चलो भैया. जाना तो है."

तेरावा हजीऱ्याला सौरवच्या घरी झाला. त्यानंतर आठवड्याने सौरव तिच्या वस्तू घेऊन दौलतगंजात आला. एक मोठी बॅग आणि दोन खोकी होती, म्हणून सरांनी मला बोलावून घेतलं. आम्ही ती वर चढवून ठेवली. काकू म्हणाल्या, आता जेवूनच जा दोघं. सौरव नको म्हणाला, मग बसला. काकूंनी चार पानं घेतली. त्या दिवशी तरी त्या सगळ्यांबरोबर बसणार होत्या.

सर उठले. मांडणीवरून त्यांनी स्वतः एक ताट काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि काकूंच्या शेजारी, ओळीच्या शेवटी मांडलं. पाणी ठेवलं. हेमांगी लहानपणापासून तिथेच बसायची.

काकू त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता मांडताय?"

"शरयू, असू दे."

"नाही असू देणार. आता मांडताय पान? ती आली होती तेव्हा उठवलंत तिला. माझ्यासमोर उठवलंत. मी एका डोळ्याने बघत होते."

"कधी आली होती?" सर म्हणाले. "ती तर आलीच नाही."

मला आजही त्यांचा तो चेहरा दिसतो. त्यांना खरंच कळलं नव्हतं. काकूंनी सगळं सांगितलं, वर मी सांगितलं तसंच. शपथ, पासवर्ड, मांडीवरचा फोन, खालून येणारं पोरांचं हसणं. वरण निवून गेलं. सर ऐकत होते आणि त्यांचा हात आपोआप हवेत हलत होता, माउस धरल्यासारखा.

"तो फोन हेमांगीचा होता?" ते म्हणाले. "पण मी तर चौदावा ठेवला होता. तिच्यासाठी चौदावा ठेवला होता मी. रोज विचारत होतो."

"काय ठेवलं होतं?" काकूंनी विचारलं.

ते मी सांगितलं. सरांना सांगवेना. लॅपटॉपला बांधलेला पत्ता, रोज सकाळची हाक, सगळं सांगितलं. काकूंनी पदर तोंडात कोंबला. सौरव खाली मान घालून म्हणाला, "बाबा, लॅपटॉप तो कब का फेंक दिया था. ती नेहमी म्हणायची, तुम्हाला लगेच कळतं कोण आलं ते."

"मला यंत्र कळतं," सर म्हणाले. "मी यंत्रासाठी पान मांडलं होतं, सौरव. मुलीसाठी मांडायला पाहिजे होतं."

मग त्यांनी विचारलं, "तो फोन आहे का?"

सौरवने बॅग उघडून तो काढला. चार्जिंग संपलेलं होतं. जेवण तसंच टाकून आम्ही खाली क्लासात गेलो, काकूसुद्धा. सरांनी फोन चार्जरला लावला आणि राउटरची यादी उघडली. बंद यादीत एकच ओळ होती. त्यांनी ती काढून टाकली. बाण नेमका तिथे न्यायला त्यांना वेळ लागला, पण मी हात पुढे केला नाही. मग त्यांनी जुन्या लॅपटॉपचा नंबर पुसला आणि चौदाव्या पत्त्यापुढे या फोनचा लिहिला.

फोन चालू झाला. त्याला काही विचारावं लागलं नाही. घर त्याच्या ओळखीचं होतं. मांजरीचं नाव आठवून तो आपसूक येऊन बसला आणि यादीत ओळ वाढली. चौदा.

सरांनी काळा पडदा उघडला आणि हाक मारली. उत्तर आलं. लगेच आलं, एकामागून एक, चार वेळा. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा आलं. काकूंनी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते खुर्चीतच वळले आणि त्यांच्या कुशीत तोंड घालून लहान मुलासारखे रडायला लागले. मी आणि सौरव बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिलो. गल्लीतून एक मुलगी स्कूटीवर गेली, तोंडाला स्कार्फ बांधून. सौरव तिच्याकडे बघत राहिला आणि मग दुसरीकडे बघायला लागला.

सर अजून शिकवतात. सोळा चौकोन काढतात, दोन वजा करायला सांगतात, पण पंगतीचं काही बोलत नाहीत. पोरं मोबाइलवर ऐकून आलेली असतात, ती आपसूक पत्तल म्हणतात. सर नुसती मान हलवतात. तो व्हिडिओ त्यांनी आता शेवटपर्यंत पाहिला आहे.

फोन वर देवघराजवळच्या फळीवर कायम चार्जरला लावलेला असतो. काकू सकाळी दिवा लावतात, मग वायर नीट बसली आहे ना ते बघतात आणि जिन्यातून आवाज देतात, "लावलाय हो." खाली सर क्लास उघडायच्या आधी चौदाव्या पत्त्याला विचारतात, आहेस का. आता रोज उत्तर येतं.